वॉर्डात केळी नकोत, नळाला पाणी हवे

गेल्या १४ एप्रिलची गोष्ट. सकाळी पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आम्ही पंचवीस-तीस कार्यकर्ते केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन एका सरकारी दवाखान्यात फळवाटपाला गेलो. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कोणत्याही दवाखान्यात घडू शकली असती. डोक्याला निळे फेटे, हातात मोबाईल, फोटोवाला पुढे. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात सिस्टरने आम्हाला थांबवले. म्हणाल्या, "दोघेच आत या. बाकीचे बाहेर थांबा. आणि आत येणाऱ्यांनी आधी हात धुवा."

आमच्यातला एक जण तडकला. "हात धुवा म्हणजे? आमचा विटाळ होतो का तुम्हाला?"

सिस्टर क्षणभर गप्प झाल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, मीपण जय भीमवालीच आहे. आत दोन-दोन दिवसांची लेकरं आहेत. मीपण हात धुतल्याशिवाय त्यांना हात लावत नाही."

आम्ही खाली मान घालून बेसिनकडे गेलो. नळ सोडला तर पाणी नव्हते. साबणाची जागा रिकामी होती आणि बेसिनमध्ये कोणीतरी डब्यातला उरलेला भात ओतला होता. शेवटी एकाने पाण्याची बाटली काढली, दोघांनी कसेबसे हात ओले केले आणि केळी वाटून आलो. संध्याकाळी फोटो टाकले. शेकडो लाइक आले. पण त्या रात्री कट्ट्यावर आम्ही बसलो तेव्हा केळ्यांबद्दल कोणीच बोलत नव्हते. बोलणे चालले होते ते त्या कोरड्या नळाबद्दल, आणि आमच्या मित्राच्या तोंडून निघालेल्या 'विटाळ' या शब्दाबद्दल.

तो शब्द उगाच आला नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ओंजळीत वरून पाणी ओतले गेले. आपली माणसे बसून गेलेल्या जागेवर पाणी शिंपडले गेले. 'धू' म्हणणाऱ्याचा आवाज आपल्या कानाला आजही वेगळाच ऐकू येतो. ही जखम खरी आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण म्हणूनच विटाळ आणि संसर्ग या दोन गोष्टींची फारकत आपल्यालाच सर्वांत नीट करता आली पाहिजे. विटाळ जन्मावरून ठरतो, संसर्ग स्पर्शावरून. विटाळ एकाच दिशेने जातो, खालच्याकडून वरच्याकडे. जंतू दोन्ही दिशांनी जातात आणि डॉक्टरच्या हातालाही सोडत नाहीत. गोमूत्र शिंपडले की विटाळ फिटतो म्हणतात. जंतू साबणाने जातात.

त्या रात्री आम्ही स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. दवाखान्यातला एखादा नियम सगळ्यांना सारखाच लागू असेल आणि तो पाळण्याची सोय सगळ्यांना दिलेली असेल, तर ते आरोग्यशास्त्र. नियम ठरावीक लोकांनाच लागू असेल आणि सोय दुसऱ्याच लोकांना मिळत असेल, तर ती जात. या कसोटीवर आपला पट्टा घासून पाहूया, आणि शेवटी स्वतःलाही.

जनरल वॉर्डात कोण असते?

दवाखान्यात एका आजारासाठी गेलेला माणूस दुसराच आजार घेऊन येतो, हे आपल्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो की श्रीमंत देशांत दवाखान्यात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना उपचारादरम्यान किमान एक नवा संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या दर १० जणांपैकी सुमारे एक जण त्यातच दगावतो. सात आणि पंधरा यांतला फरक देवाने केलेला नाही. तो नळ, साबण, मनुष्यबळ आणि जागा यांचा फरक आहे.

आपल्याकडे संत तुकारामनगरचे वायसीएम, म्हणजे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, सुमारे ७५० खाटांचे आहे. तिथे शहरातल्या वस्त्यांबरोबर खेड, मावळ, जुन्नरचे रुग्णही येतात. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या खोल्यांत दाटीने राहणारा मराठवाडा-विदर्भाचा, उत्तर प्रदेश-बिहारचा कंत्राटी कामगार अपघात झाला की इकडेच आणला जातो. ज्याच्याकडे कॅशलेस कार्ड आहे तो खासगी दवाखान्याच्या स्वतंत्र खोलीत जातो. जनरल वॉर्डात राहतो तो आपला माणूस. म्हणून वॉर्डातला संसर्ग हा आपला प्रश्न आहे. टाक्यात पू झाला म्हणून चार दिवस जास्त राहावे लागले, तर चार दिवसांची हजेरी जाते, सोबत बसलेल्या बायकोची धुणीभांडी जातात, आणि खोलीभाड्यासाठी उसने पैसे काढावे लागतात.

साहेबांचे हात

हात धुण्याचा इतिहास आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावा. १८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात इग्नाझ झेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. मरण जास्त होते ते डॉक्टरांच्या विभागात. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत आणि मृत्यू हातांवरून घेऊन येत. त्याने क्लोरिनच्या चुनकळीच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक नामवंत डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. प्रतिष्ठिताचे हात घाण असूच शकत नाहीत, ही समजूत तिथेही होती. आपण तिला वेगळ्या नावाने ओळखतो.

कोविडच्या काळात 'आमच्या पूर्वजांचे सोवळे हेच खरे विज्ञान होते' असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत होते. झेमेलवाइसची गोष्ट त्यावरचे उत्तर आहे. सोवळे सांगते की वरच्याला खालच्यापासून जपा. आरोग्यशास्त्र सांगते की रुग्णाला सगळ्यांपासून जपा, आणि ज्याच्या हाताखालून जास्त रुग्ण जातात त्याच्यावर जास्त नजर ठेवा. म्हणजे राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना "सर, हात" असे म्हणण्याचा अधिकार खाटेवरच्या मजुरालाही आहे. तो उद्धटपणा नाही.

भेटीच्या वेळेलाही हीच कसोटी लावा. 'एका रुग्णासोबत एकच नातेवाईक' ही पाटी बरोबर आहे. गर्दीने खोकल्याचे, पोटाचे, कातडीचे आजार खाटेखाटेवर फिरतात. पण वस्तीतल्या म्हातारीला दारातून हाकलणारा सुरक्षारक्षक एखाद्या नगरसेवकाच्या मागे दहा जण बुटांसकट गुच्छ घेऊन आत जाताना आम्ही पाहिला आहे. तेव्हा त्या पाटीचे काय झाले? जंतूंना लेटरहेड वाचता येत नाही.

झाडू कोणाच्या हातात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. त्यानंतर तिथे आलेल्या एका खासदाराने कॅमेऱ्यासमोर प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्या प्रकरणी अॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा दाखल झाला. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला विचारायचे आहे की झाडू हातात देणे ही शिक्षा कशी झाली? जे काम एका माणसाला एकदा करायला लावणे हा अपमान ठरतो, ते काम रोज करणाऱ्या माणसाबद्दल या समाजाचे मत काय आहे? आणि त्या एका झाडूने तिथे औषध आले का, परिचारिका वाढल्या का, पाणी आले का?

दवाखान्यातली सफाई हे संसर्ग रोखण्याचे अर्धे काम आहे. ते करणारी बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते, ठेकेदाराकडे असते आणि तिला कोणी काही शिकवलेले नसते. आमच्या एका साथीची आई अशाच कामावर आहे. कचऱ्याची पिशवी उचलताना तिच्या मांडीत सुई घुसली. सुई पिशवीत असायलाच नको होती. सुपरवायझर म्हणाला, "पाण्यानं धू आणि कामाला लाग." तिने घरी सांगितले तिसऱ्या दिवशी रात्री, तेही ताप आला म्हणून.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार रक्त-पू लागलेले बोळे आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, आणि सुया-ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात गेले पाहिजेत. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, संरक्षक साधने आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. 'कंत्राटी सोडून' असे त्या नियमात कुठेही लिहिलेले नाही.

आणि प्रत्येक सफाई कामगाराच्या घरात हे तोंडपाठ असले पाहिजे: सुई टोचली तर जखम दाबू नका, तोंडात घालू नका, वाहत्या पाण्याने साबण लावून धुवा आणि ताबडतोब डॉक्टरला सांगून नोंद करा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही. ती २८ दिवस घ्यायची असतात आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. आमच्या साथीच्या आईचे ७२ तास 'कामाला लाग' या दोन शब्दांत संपले. सुदैवाने पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. पण ते महिने त्या घराने कसे काढले, ते आम्ही पाहिले आहे.

"उद्या हजेरी आहे, सलाईन लावा"

संसर्गाचे दुसरे टोक चाकणच्या गेटवर आहे. काम नाही तर दाम नाही, म्हणून ताप-खोकला अंगावर काढत माणूस लाइनवर उभा राहतो. मग संध्याकाळी खोलीजवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन म्हणतो, "डॉक्टर, सुई टोचा, सलाईन लावा, उद्या हजेरी आहे." गोळीने बरे होणाऱ्या आजाराला सुई घेणे म्हणजे विनाकारण कातडीला भोक पाडणे. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी पसरला आणि कित्येकांचे जीव गेले. म्हणून सुई घ्यावीच लागली तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. नवी सुई मागणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नाही.

पण नुसते 'सुई घेऊ नका' सांगून भागणार नाही. त्याला आजारी पडण्याची रजा पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात, १९४३ मध्ये, प्रा. अदारकर यांच्याकडे कामगार आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. ठेकेदाराने मध्येच ब्रेक दिला की हे दिवस भरत नाहीत. शिवाय आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा बिनभत्त्याचे जातात. म्हणजे दोन दिवसांच्या तापाला घरी बसणे त्याला परवडतच नाही. तो आपला ताप घेऊन कामावर, बसमध्ये आणि दवाखान्याच्या रांगेत फिरतो. मग 'या लोकांना शिस्त नाही' म्हणणारे तयारच असतात.

शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. ज्यांच्याकडे टाक्या आहेत त्यांना ते फारसे जाणवतही नाही. ज्या घरात दोन पिंप पाण्यावर दोन दिवस काढायचे असतात, तिथे 'वारंवार हात धुवा' हे भाषण कोणत्या तोंडाने द्यायचे? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती माणूस म्हणून आपल्या हक्कासाठी. वॉर्डातल्या बेसिनचा नळ त्याच हक्काचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

"आधी सोय, मग शिस्त" पुरेसे आहे का?

आमचेच काही मित्र म्हणतील, व्यवस्था सडलेली असताना आपल्याच लोकांना का शहाणपण शिकवता? एक नातेवाईक म्हणता, पण स्ट्रेचर ढकलायला, बाहेरून औषध आणायला, भांडे द्यायला माणूस लागतो, तो कोण देणार? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. जिथे परिचारिका आणि मावशी पुरेशा नाहीत तिथे नातेवाईक हाच बिनपगारी कर्मचारी असतो. त्याला बाहेर काढायचे असेल तर त्याच्या जागी माणूस नेमा, आणि त्याला बसायला-झोपायला पाणी आणि संडास असलेली जागा द्या. दोन खाटांच्या मधल्या फरशीवर झोपणे त्यालाही घातक आहे आणि रुग्णालाही.

पण मागणी पूर्ण होईपर्यंत आपण बेशिस्त राहायचे, हे त्यातून निघत नाही. त्याची किंमत महापालिकेचा अधिकारी मोजत नाही, शेजारच्या खाटेवरची बाळंतीण मोजते.

आपली परंपराही हेच सांगते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपल्या शेजारच्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. त्या बुद्धांची विनयपिटकातली गोष्ट विहारात सांगितली जाते: पोट बिघडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. त्याच ठिकाणी चांगला शुश्रूषक कोण तेही सांगितले आहे. त्याला औषधाचे कळते, रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर ते ओळखून तो अहितकर दूर ठेवतो, लाभासाठी सेवा करत नाही, आणि मलमूत्र, थुंकी, उलटी उचलताना त्याला किळस येत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याकडे ना हातमोजे होते ना आजची औषधे. आज ती आहेत. आज सेवा करणाऱ्याचा जीव जात असेल तर ते हौतात्म्य म्हणून मिरवायचे नाही, त्याचा जाब विचारायचा.

आता स्वतःकडे. 'अहितकर दूर ठेवतो' या वाक्यापुढे आमचे ते फळवाटप उभे करून पाहा. तीस जण, न धुतलेले हात, प्रत्येक खाटेला स्पर्श आणि बाळंतिणीचा न विचारता काढलेला फोटो. आम्ही आमच्याच कसोटीवर नापास झालो.

म्हणून यंदाच्या जयंतीसाठी आमचा प्रस्ताव असा:

१. वॉर्डात फळवाटप बंद. फळे द्यायचीच तर दवाखान्याला विचारून बाहेर, नातेवाइकांच्या मंडपात द्या. वॉर्डात फोटो नाहीत.

२. त्या पैशातून प्रत्येक वस्तीत एक संध्याकाळ शिकवणीची. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुणे, खाटेवर न बसणे, ताप, खोकला, जुलाब असताना भेटीला न जाणे, लहान मुलांना न नेणे, हात धुण्याच्या बेसिनमध्ये डबे न धुणे, लघवीची पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खाली, पण फरशीला न टेकवता ठेवणे, आणि "ही नळी अजून लागते का?" असे डॉक्टरांना रोज विचारणे.

३. माहिती अधिकारात प्रत्येक सरकारी दवाखान्याला, वायसीएमपासून चाकणच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत, सारखेच प्रश्न: प्रत्येक वॉर्डात चालू बेसिन किती? कंत्राटी सफाई कामगार किती आणि त्यांतल्या किती जणांना हिपॅटायटिस बी लसीचे सगळे डोस मिळाले? वर्षभरात सुई टोचल्याच्या नोंदी किती? संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते कुठे आहेत? केंद्राच्या कायाकल्प योजनेत गुण किती? सुई टोचल्याच्या नोंदी 'शून्य' आल्या तर खूश होऊ नका. सफाईचे काम चालू असताना शून्य याचा अर्थ बहुधा नोंदच होत नाही, असा असतो.

४. आलेली उत्तरे घेऊन महापालिका आयुक्त आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे शिष्टमंडळ. त्यात पुढे सफाई कामगार महिला, मागे आम्ही.

त्या सिस्टरना आम्ही नंतर भेटलो आणि माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माफी राहू द्या, तेवढं नळाचं बघा." यंदाच्या १४ एप्रिलला आम्ही त्याच वॉर्डाच्या दारात जाणार आहोत. दोघेच. केळी न घेता, नळाच्या अर्जाची पोच घेऊन.

जय भीम!